बारा सेट, एक किल्ली आणि उघडा बोलणारा सात नंबर

तीन वर्षांपूर्वी खडकवासल्याकडच्या एका लॉनवर लग्न होतं. बंदोबस्त आमच्याकडे. नवरीच्या दागिन्यांची बॅग गाडीतून खोलीपर्यंत न्यायची होती. मी वॉकीटॉकी सेटवर विचारलं, "गेट दोन, बॅग घेऊन येतोय, रस्ता मोकळा आहे का? ओव्हर." लगेच उत्तर आलं, "साहेब, मागच्या गेटनं या, पुढं जनरेटरचा ट्रक आडवा लागलाय."

माहिती अगदी बरोबर होती. फक्त आवाज माझ्या माणसाचा नव्हता. लायटिंगवाल्यांचा कुणी पोरगा होता. त्यांचे सेट आणि आमचे सेट एकाच चॅनेलवर लागले होते आणि सकाळपासून तो आमचं सगळं ऐकत बसला होता. बिचाऱ्यानं मदतच केली. पण बॅग कुठल्या गेटनं, किती वाजता, कुणाच्या हातात जाणार, हे त्याला माझ्या गेट दोनच्या आधी कळलं होतं.

मी सिग्नल कोअरमध्ये 17 वर्षं काढली, हवालदार म्हणून बाहेर पडलो. ट्रेनिंग जबलपूरला. फौजेत कुठले सेट वापरले ते इथं लिहिणार नाही. पण आयुष्य 'रेडिओ चेक, ओव्हर' करण्यात गेलेल्या माणसाला लायटिंगच्या पोरानं रस्ता सांगावा, हे मला फार लागलं. त्याच आठवड्यात जुने अॅनालॉग सेट बाजूला ठेवले आणि बारा डिजिटल सेट घेतले, एनक्रिप्शनवाले, म्हणजे बोलणं कुलूप लावून पाठवणारे. त्यांना आता तीन वर्षं होत आली. दागिन्यांची प्रदर्शनं, लग्नं, चाकणकडची दोन गोदामं, गणपतीची एक मिरवणूक, एवढ्या ठिकाणी ते राबले आहेत. त्यांचा हा हिशोब.

कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही. माझी मोठी तक्रार सेटपेक्षा दुकानाच्या कामाबद्दल आहे, आणि दुकानदाराशी अजून व्यवहार चालू आहे. तसंही मी जे सांगणार आहे ते यातल्या बऱ्याच सेटना लागू पडतं.

सेट डीएमआर जातीचा. डीएमआर, म्हणजे डिजिटल मोबाइल रेडिओ, हे युरोपातल्या ईटीएसआय या संस्थेनं 2005 साली काढलेलं मानक. साडेबारा किलोहर्ट्झच्या एका चॅनेलमध्ये 30-30 मिलिसेकंदांचे दोन खण पाडतात आणि रिपीटर (बोलणं पकडून पुन्हा जोरात पुढं पाठवणारं यंत्र) असेल तर दोन वेगळी संभाषणं एकाच वेळी चालवतात. आपला सेट अर्धा वेळ गप्प असतो, म्हणून बॅटरीही जास्त वेळ टिकते. आमचे सेट यूएचएफचे, 4 वॉटचे, पाण्याधुळीसाठी आयपी67. एका सेटला 21,500 रुपये पडले, एनक्रिप्शनचं लायसन्स सेटमागे वेगळं. हे 'वेगळं' मला बिल हातात पडल्यावर कळलं.

दुकानात गेलात की 'एनक्रिप्शन आहे का?' असं विचारू नका. उत्तर 'हो' असंच येतं. कुठलं आहे, किती बिटचं आहे, म्हणजे कुलूप उघडणारी गुप्त आकड्याची किल्ली किती लांब आहे, ते विचारा. या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिला प्रकार म्हणजे आपली 'च'ची भाषा. लहानपणी बोलायचो ना, 'पाणी दे' ऐवजी 'चणीपा चदे'. पाहुण्यांना कळायचं नाही, शेजारच्या पोराला दोन मिनिटांत कळायचं. जुन्या अॅनालॉग सेटमधला स्क्रॅम्बलर म्हणजे हेच. आवाजातले वरचे सूर खाली आणि खालचे वर करून पाठवायचे. कानाला बदकासारखं ऐकू येतं, पण साध्या कॉम्प्युटरवर ते पुन्हा सुलटं करता येतं. डिजिटलमध्येही याचा भाऊ आहे. मोटोरोलाच्या डीएमआर सेटमध्ये त्याला 'बेसिक प्रायव्हसी' म्हणतात आणि त्यात निवडायला किल्ल्या आहेत 255. पुण्यातल्या एखाद्या पेठेतही यापेक्षा जास्त कुलपं निघतील. सहज ऐकणारा लायटिंगचा पोरगा यानं थांबतो. ठरवून ऐकणारा थांबत नाही.

दुसरा प्रकार 40 बिटांचा. किल्ल्या 1 लाख 10 हजार कोटींच्या आसपास. आकडा ऐकून दुकानदार आपल्याकडे विजयी चेहऱ्यानं बघतो. पण आजच्या कॉम्प्युटरला हा आकडा मोठा नाही, आणि आत वापरलेली आरसी4 ही पद्धतही जुनी, बदनाम झालेली आहे.

तिसरा प्रकार एईएस-256. बेल्जियमच्या दोघा संकेतलिपी-तज्ज्ञांनी, योआन दामन आणि व्हिन्सेंट राइमेन यांनी, बांधलेली पद्धत. जगभरच्या जाणकारांनी उघड स्पर्धेत ठोकून पाहिली आणि 2001 साली अमेरिकेनं ती मानक म्हणून घेतली. तिची सगळी रीत छापील आहे, कुणीही वाचावी. गुपित फक्त किल्ली. मी घेतला तो सेट या प्रकारातला.

इथं एक आडवळण घेतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की रीतच लपवली की जास्त सुरक्षित. पोलीस, विमानतळ, वीजकेंद्रं अशा ठिकाणी जगभर टेट्रा नावाची रेडिओ यंत्रणा चालते, 1995 पासूनची. तिच्या एनक्रिप्शनची रीत वर्षानुवर्षं गुप्त होती. 2023 च्या जुलैत मिडनाइट ब्लू या डच मंडळींनी ती एका सेटमधून उकरून काढली, तेव्हा कळलं की त्यातल्या टीईए1 या प्रकाराची किल्ली म्हणायला 80 बिटांची, पण आतल्या आत तिचे 32 बिट करून टाकलेले. म्हणजे 429 कोटी शक्यता, साध्या कॉम्प्युटरवर संपणाऱ्या. माणसं विश्वासानं बोलत राहिली आणि कुलपाचा खिळाच पोकळ. त्या गडबडीनंतर ईटीएसआयनं टेट्राच्या या पद्धती जाहीर करायचं ठरवलं. मला कुणी 'आमची स्वतःची खास गुप्त पद्धत आहे' म्हणून सेट दाखवला, तर मी चहा घेतो आणि उठतो.

असो. माझ्या सेटमध्ये एईएस-256 होतं, पैसे भरले होते, मी निवांत होतो. सहा महिने निवांत होतो.

धाकटी मुलगी इलेक्ट्रॉनिक्सला आहे. तिनं टीव्ही पकडायला वापरतात तसला एक यूएसबी डोंगल आणला. दीड-दोन हजारांचा तुकडा. लॅपटॉपला लावला आणि वर फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं की डीएमआरचं साधं बोलणं कानावर येतं. मला म्हणाली, "बाबा, तुमचेच सेट तपासू. दुसऱ्याचं ऐकायचं नाही." प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम होती. ती हॉटेलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसली, मी आत सगळ्यांना आळीपाळीनं बोलायला लावलं. एक नंबर बोलला, तिच्या लॅपटॉपवर नुसती खरखर आणि गुरगुर. दोन नंबर, तेच. तीन, चार, पाच, सहा, सगळे झाकलेले. मी मनातल्या मनात मिशीला पीळ देत होतो. सात नंबर बोलला, "साहेब, चहा पाठवा मागच्या लिफ्टला." मुलीचा मेसेज आला: "मागच्या लिफ्टला चहा पाठवा."

सात नंबर सेट क्लिअरमध्ये, म्हणजे कुलूप न लावता उघडं, बोलत होता. कधीपासून, देव जाणे.

हे आम्हाला आधी का कळलं नाही, ते समजून घ्या, कारण पुढचे पैसे त्यानं वाचतील. आमचा सेट एनक्रिप्शनवर असला तरी समोरून उघडं बोलणं आलं तर तेही निमूट वाजवतो. आणि उघडा सेट? त्याच्यात किल्ली भरलेलीच असते, त्यामुळे तो बाकीच्यांचं झाकलेलं बोलणंही उलगडून ऐकतो. म्हणजे अकरा जण कुलपात बोलताहेत, एक जण रस्त्यावर उभा राहून बोलतोय, आणि बाराही जणांना एकमेकांचं छान ऐकू येतंय. कानाला काही फरक नाही. फरक फक्त पडद्यावरच्या बाजरीच्या दाण्याएवढ्या कुलपाच्या चित्राचा. सेट कमरेला, इअरपीस कानात, पडदा पोटाकडे. कोण बघणार?

आणि तो उघडा झाला कसा? दुकानदारानं प्रोग्रॅमिंग करताना बाजूच्या दोनपैकी खालच्या बटणाला 'एनक्रिप्शन चालू/बंद' हे काम देऊन ठेवलं होतं. सगळ्याच सेटना. त्याच्याकडची नेहमीची फाइल, ओतली आणि झालं. सात नंबर ज्याच्याकडे होता त्याचा हात मोठा, सेट धरला की अंगठा बरोबर त्या बटणावर. त्याची काही चूक नाही. जे बटण चुकून दाबलं की कुणाला कळत नाही, ते बटण गार्डच्या अंगठ्याखाली द्यायचंच कशाला?

मला वाटत होतं, हे आमच्यासारख्या छोट्या लोकांचंच नशीब. मुलीनं मग एक शोधनिबंध काढून दाखवला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लोकांनी 2011 साली लिहिलेला. तिकडच्या सरकारी तपास यंत्रणा पी25 नावाचे डिजिटल सेट वापरतात. या लोकांनी काही शहरांत दोन वर्षं हवेत काय ऐकू येतं ते पाहिलं. एनक्रिप्शन असलेल्या यंत्रणांवर शहरामागे रोज सरासरी 20 मिनिटांहून जास्त गुप्त बोलणं उघड्यावर चाललं होतं. पाळत कुणावर आहे, कोण कुठल्या गाडीत आहे, असलं सगळं. कारण तेच: बटण कुठल्या बाजूला आहे ते कळत नाही, आणि उघडा सेट गटात बिनबोभाट चालून जातो. तपास यंत्रणांचंही 'सात नंबर' होतं, हे वाचून मला उगाच बरं वाटलं. त्याच लोकांनी एका गुलाबी रंगाच्या लहान मुलींच्या मेसेज-खेळण्यात फेरफार करून त्या महागड्या यंत्रणेचं बोलणं बंद पाडून दाखवलं होतं. एनक्रिप्शन ऐकण्यापासून वाचवतं, गोंधळ घालण्यापासून नाही. हे लक्षात असू द्या, पण त्याची धास्ती आम्हाला लग्नाच्या हॉलमध्ये नाही.

त्या रात्री घरीच सॉफ्टवेअर आणि केबल घेऊन बसलो. दुकानदारानं केबल द्यायला कांकूं केलं होतं. 'साहेब, तुम्ही कशाला त्रास घेता.' शेवटी वेगळे पैसे मोजून घेतली. सेट जोडला, किल्ल्यांची यादी उघडली आणि मुलगी हसायलाच लागली. एईएस-256 ची किल्ली म्हणजे 64 अंक-अक्षरांची ओळ. दुकानदारानं 64 वेळा '1' दाबला होता. त्याच्या बाकीच्या गिऱ्हाइकांना काय दाबून दिलंय, हे मी विचारलं नाही, पण तुम्ही अंदाज करू शकता. कुलूप सरकारी तिजोरीचं आणि किल्ली तुळशीच्या कुंडीत.

नवी किल्ली आम्ही नाणं उडवून काढली. पाच रुपयांचं नाणं, 256 वेळा. छापा एक, काटा शून्य, चार उडवण्यांचं मिळून एक अक्षर. मी उडवत होतो, मुलगी लिहीत होती, बायको स्वयंपाकघरातून 'काय जुगार चाललाय' म्हणून दोनदा डोकावून गेली. सव्वा तास लागला. नाणं तीनदा कपाटाखाली गेलं, ते धरलं नाही. मग बाराही सेटमध्ये ती किल्ली भरली, खालच्या बटणाचं काम काढून त्याला 'बॅटरी किती' हे काम दिलं, आणि एनक्रिप्शन कायमचं चालू करून टाकलं. ही सोय सॉफ्टवेअरमध्ये होती, एक टिक करायची. दुकानदाराला ती टिक सापडली नव्हती किंवा वेळ नव्हता.

याच्यासाठी सेटचे गुण कापू की दुकानाचे? सेटला माझ्याकडून एनक्रिप्शनसाठी पैकीच्या पैकी. दुकानाला नापास.

दोन गोष्टी मात्र सेटवाल्यांनीही माहितीपत्रकात स्पष्ट लिहायला हव्यात. एक, झाकलं जातं ते बोलणं. कुठला सेट बोलतोय त्याचा आयडी आणि कुठल्या गटात बोलतोय, हे आमच्या सेटवर लॅपटॉपवाल्याला दिसत होतं. सिग्नलवाल्याला हे सांगायला नको. शत्रूचं बोलणं कळलं नाही तरी वर्दळ कळते, आणि मध्यरात्री गेट तीन अचानक दहा वेळा बोलायला लागलं की तिकडं काहीतरी आहे, हे कुणीही ओळखेल. दोन, किल्ली सगळ्या सेटमध्ये तीच असते. एक सेट हरवला की बाराही सेटची किल्ली गेली असं धरायचं. आमचा चार नंबर रिक्षात राहिला होता. लांबून सेट बंद पाडायची सोय आहे, ती वापरली, पण ती चालायला तो सेट चालू हवा आणि रेंजमध्ये हवा. रिक्षा हडपसरला पोचली असेल तर काय उपयोग? सेट दोन दिवसांनी परत मिळाला, रिक्षावाला चांगला माणूस होता. तरी पुन्हा 256 वेळा नाणं उडवलं. या वेळी बायकोनंही थोडं उडवलं.

आता भरवशाचं. विकत घेणारे एनक्रिप्शनवर तासभर बोलतात आणि सेट ऐन वेळी बोलेल का, यावर पाच मिनिटं. माझ्या मते उलटं हवं.

आमच्या गणपतीच्या मिरवणुकीत या सेटनं मला रडवलं. पथकात पन्नासेक ढोल, वीस ताशे. अॅनालॉग सेटवर असल्या गोंगाटात निदान माणसाचा आवाज मागून ऐकू यायचा, मग अंदाज बांधायचा. डिजिटलवर जे आलं ते माणसाचंच नव्हतं. घागरीत तोंड घालून कुणी मंत्र म्हणतोय असं. कारण असं की डीएमआर आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. आतला व्होकोडर बोलणं ऐकतो आणि 'हा सूर, ही फुंकर, एवढा जोर' असं टिपण काढून सेकंदाला फक्त 2450 बिटांत पाठवतो. पलीकडचा सेट त्या टिपणावरून आवाज पुन्हा घडवतो. माणसाच्या गळ्यासाठी बांधलेली ही युक्ती. तिच्यापुढे ताशा आला की ती ताशालाही माणूस समजते. अमेरिकेतल्या अग्निशमन प्रमुखांच्या संघटनेनं हाच प्रश्न 2008 च्या सुमारास हाती घेतला होता. तिकडं ढोलाच्या जागी झाडं कापायची करवत आणि जवानाच्या अंगावरचा भोंगा होता.

उपाय आहे, पण तो माणसांना शिकवावा लागतो. गोंगाटात ओरडायचं नाही. सेट तोंडापासून दोन बोटांवर धरायचा, तळहातानं बाजूचा आवाज अडवायचा, सावकाश बोलायचं, आणि पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबल्यावर एक श्वास थांबून मग सुरू करायचं. नाहीतर पहिला शब्द कापला जातो. एनक्रिप्शनवर हे जरा जास्तच जाणवतं. पलीकडच्या सेटला आधी कुलूप उघडावं लागतं. 'गेट दोन बंद करा'मधला 'गेट दोन' गेला की चारही गेटवाले बंद करायला धावतात. हे झालेलं आहे.

मिरवणुकीत दुसऱ्या वर्षी मी सरळ गळ्याला लावायचे माइक आणले, त्वचेवरून आवाज घेणारे. चांगले चालले. पण तो वेगळा खर्च.

दुसरी गोष्ट रेंज. डिजिटलमध्ये खरखर नाही, म्हणून लोक खूश होतात. त्या खरखरीचीही किंमत होती, ती गेल्यावर कळते. अॅनालॉगवर आवाज खराब व्हायला लागला की माणूस आपोआप दोन पावलं मागं यायचा. डिजिटल शेवटच्या पावलापर्यंत स्वच्छ बोलतो आणि पुढच्या पावलाला मुका होतो. गच्चीच्या कठड्यासारखं. चाकणच्या गोदामात लोखंडी रॅक छतापर्यंत. एका टोकाचा गार्ड तिसऱ्या ओळीत शिरला की तुटायचा आणि त्याला स्वतःला पत्ताच नसायचा. मी एक दिवस खडू घेऊन फिरलो आणि जिथं जिथं सेट तुटतो तिथं जमिनीवर फुली मारली. एकूण नऊ फुल्या. आता नवा गार्ड आला की आधी त्याला फुल्या दाखवतो.

हॉटेलच्या दुसऱ्या तळघरात 4 वॉटचं काही चालत नाही, कुणाचंच. तिथं उताराच्या वळणावर एक माणूस उभा करतो, तो वरचं खाली आणि खालचं वर सांगतो. फौजेत याला रिले म्हणायचो. पगार द्यावा लागतो, पण बॅटरी संपत नाही.

'एनक्रिप्शन लावलं की रेंज कमी होते' असं दुकानात ऐकलं होतं. त्याच फुल्यांवर एनक्रिप्शन बंद करून पाहिलं. फुल्या जागच्या जागी. मुलगी म्हणाली, बोलण्याच्या प्रत्येक तुकड्याला आधी कुलूप लागतं आणि चुका दुरुस्त करायचे बिट त्यानंतर चढतात, त्यामुळे दुरुस्ती नेहमीसारखीच चालते. एवढं मला समजलं. फुल्या हलल्या नाहीत, ते मी स्वतः पाहिलं.

बॅटरी पहिल्या वर्षी बारा तासांची पाळी आरामात काढायची. आता चौदाव्या-पंधराव्या महिन्यापासून बारापैकी पाच बॅटऱ्या नवव्या तासाला कुरकुरतात. दोष थोडा आमचा. चौकीतला चार्जर चोवीस तास चालू, सेट त्यात बसवूनच ठेवलेला, आणि मे महिन्यात पत्र्याच्या चौकीत काय उष्णता असते ते बसून बघा. चार्जरच्या पितळी टोकांवर घामाचं हिरवं चढतं. आठवड्याला खोडरबरानं घासायचं, एवढंच.

आयपी67 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. खरं आहे, पण कधी? बाजूचं इअरपीसचं रबरी झाकण घट्ट असेल तेव्हा. आमच्या निम्म्या सेटची ती झाकणं पहिल्या महिन्यातच तुटून पडली. गेल्या पावसाळ्यात दोन सेटचं पीटीटी आपोआप दाबलेलं राहायला लागलं. म्हणजे चॅनेल अडवून बसायचं आणि गार्डचं बायकोशी चाललेलं भांडण सगळ्यांना ऐकवायचं. एनक्रिप्टेड भांडण, पण आम्हा अकरा जणांना तर ऐकू आलंच. दुकानानं दोन्ही सेट वॉरंटीत घेतले खरे, परत द्यायला सत्तेचाळीस दिवस लावले. त्या काळात बदली सेट दिले नाहीत.

आणखी एक. अँटेनाला धरून सेट उचलायची गार्ड लोकांना भारी हौस. अँटेना मोडत नाही, मुळाशी सैल होते, आणि मग रेंज निम्मी. वर्षाला तीन-चार अँटेना धरून ठेवा.

कागदांचं थोडक्यात सांगतो. असले सेट चालवायला दूरसंचार विभागाचं लायसन्स आणि दिलेली फ्रीक्वेन्सी लागते. अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. बिनलायसन्सचा पट्टा आहे, 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ, पण तो कमी ताकदीच्या छोट्या सेटसाठी. ऑनलाइन 'लायसन्सची गरज नाही' म्हणून काहीही विकलं जात होतं. 2025 च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मोठमोठ्या विक्री संकेतस्थळांना त्यावरून नोटिसा काढल्या. आणि हॅम मंडळींनी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांनी, एनक्रिप्शनचा विचारच करू नये, त्यांना उघड भाषेतच बोलायचं बंधन आहे.

घ्यावा का? दागिने, रोकड, पेशंटची नावं, लहान मुलांची ने-आण, असलं काही सेटवर बोलत असाल तर घ्या, आणि एईएस-256 च घ्या, मधलं काही नको. सोसायटीच्या पार्किंगमध्ये 'पांढरी स्विफ्ट काढा' म्हणायला घेणार असाल तर या पैशांत चांगली छत्री आणि दोन जास्तीच्या बॅटऱ्या घ्या. सगळे सेट एकाच कंपनीचे घ्या. डीएमआर एकमेकांशी बोलतात हे खरं, पण एका कंपनीचं कुलूप दुसऱ्या कंपनीच्या किल्लीला उघडेलच असं नाही. माझ्या एका मित्रानं सहा जुने आणि सहा दुसरे असे मिसळले, त्याच्याकडे आता दोन वेगळे गट आहेत आणि मध्ये एक चिडलेला सुपरवायझर. प्रोग्रॅमिंगची केबल आणि सॉफ्टवेअर बिलात लिहून घ्या, तोंडी नको. किल्ली स्वतः भरा. डोंगल लावून स्वतःचे सेट स्वतः ऐका.

आमच्याकडे आता दर सोमवारी सकाळी सात वाजता चेक असतो. मुलगी कॉलेजला जायच्या आधी गाडीत बसते, एकेक नंबर बोलतो, ती वहीत खूण करते. सात नंबरला मी पिवळी टेप लावली आहे. त्याला सगळ्यात शेवटी बोलायला लावतो. परवा त्याची बॅटरी आठ तासांतच बसली. पाच नव्या बॅटऱ्या सांगून सव्वा महिना झाला, दुकानदार म्हणतो माल मुंबईत आलाय.

(पाचपैकी गुण: एनक्रिप्शनला पाच, गोंगाटातल्या आवाजाला दोन, मजबुतीला साडेतीन, दुकानाला एक. तो एक केबल शेवटी दिली म्हणून.)